पाणी उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात आणि ओळख वगळून :

"निवृत्तीनंतर आम्ही दोघं सातारा जिल्ह्यातलं घर सोडून पुण्याच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहायला आलो. सातव्या मजल्यावर फ्लॅट, दोन गॅलऱ्या, चाळीसेक कुंड्या. गावी परसात विहीर होती, तिच्या पाण्यावर काहीही लावलं तरी फोफावायचं. इथेही सुरुवातीला बाग बरी होती. गेल्या वर्षभरात मात्र कढीपत्त्याची नवी पानं पिवळी निघतात, जास्वंदीच्या पानांच्या कडा करपतात, अनंत तर गेलाच. मातीवर पांढरा थर येतो, पाणी घातलं तर मुरत नाही, वर तळं साचतं. सोसायटीला महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं असं मिसळून पाणी येतं. गेल्या वर्षी कमिटीने पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं, त्यामुळे पाणी आता चांगलं आहे. साबणाला फेस येतो, नळांवर डाग पडत नाहीत. म्हणजे दोष क्लोरिनचाच असणार असं समजून मी सगळं पाणी बादल्यांत भरून दोन-दोन दिवस ठेवते. आरओचं वाया जाणारं पाणी, एसीचं पाणी, तांदळाचं धुवण, सगळं वेगवेगळं साठवते. यंदा पावसाचं पाणी उन्हाळाभर पुरवायला गॅलरीत हजार लिटरची टाकी किंवा पाच-सहा ड्रम ठेवायचा विचार आहे. यजमान म्हणतात, पाणी म्हणजे पाणी, हा नाद सोड. सेक्रेटरींनी डासांवरून नोटीस दिली. मुलाचा टीडीएस मीटर (पाण्यातले एकूण क्षार दाखवणारा) मशीन यायच्या आधी, घरात आरओ बसवला तेव्हाही नळाच्या पाण्याला ६०० दाखवत होता, आजही तेवढंच दाखवतो. शेजारी म्हणतात चुंबकाचं उपकरण बसवा. झाडांसाठी सर्वांत चांगलं पाणी कोणतं, आणि ते साठवावं कसं? की मीच उगाच डोक्याला ताप करून घेतेय?"

ताई, नमस्कार.

उगाच नाही. झाडं खरोखर काहीतरी सांगताहेत आणि तुम्ही ते टिपलंयत. फक्त संशय चुकीच्या माणसावर घेतलाय. तुमच्या पत्रात ज्या एका गोष्टीचं कौतुक आहे, ती म्हणजे गेल्या वर्षी बसलेलं मशीन. मला सगळ्यात आधी त्याचीच चौकशी करावीशी वाटते. मशीन आलं गेल्या वर्षी, आणि झाडं बिघडली तीही गेल्या वर्षीच. हा योगायोग असू शकतो, पण पडताळून पाहिल्याशिवाय सोडून देण्यासारखा नाही.

खाली पंपहाऊसपाशी एक चक्कर मारा. कोपऱ्यात मिठाची पोती रचलेली आहेत का बघा, किंवा सुरक्षारक्षकाला विचारा की मशीनमध्ये मीठ कोण टाकतं. मीठ लागत असेल, तर ते पाणी शुद्ध करणारं यंत्र नाही, तो सॉफ्टनर आहे. त्याच्या टाकीत राळेचे बारीक मणी असतात. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते धरून ठेवतात आणि बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा सोडियमने लादायचे, एवढं त्याचं काम. कपडे, गीझर, नळ, केस या सगळ्यांना ते पाणी छान. कुंडीला नाही.

हिशेब करून बघा. काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, दर १०० मिलिग्रॅमने उतरवलं की लिटरमागे साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. समजा तुमच्या मिश्र पाण्याचं काठिण्य ४०० आहे, तर सॉफ्टनरमधून निघताना त्यात लिटरमागे १८० च्या वर सोडियम भरलं गेलं. एका कुंडीला रोज एक लिटर घातलंत, तर महिन्याला साडेपाच ग्रॅम सोडियम. पाणी पानांतून आणि मातीवरून उडून गेलं, सोडियम बसलं तिथेच. ते मातीच्या कणांना चिकटतं, कण एकमेकांपासून सुटतात, माती चिकट होऊन वरून थापल्यासारखी बंद होते. तुमच्या कुंडीत वर साचणारं तळं ते हेच.

मग मुलाच्या मीटरने हे का पकडलं नाही? कारण तो बिचारा एवढंच मोजतो की पाण्यातून वीज किती वाहते, आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर क्षार काढत नाही, त्यांची अदलाबदल करतो. आधीही ६००, नंतरही ६००. कॅल्शियमचे ६०० आणि सोडियमचे ६०० यांत झाडाच्या दृष्टीने केवढा तरी फरक आहे.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक परीक्षा सांगते. मातीवरचा आणि कुंडीच्या काठावरचा पांढरा थर जुन्या चमच्याने खरवडून चिमूटभर घ्या. काचेच्या पेल्यात आरओचं पिण्याचं पाणी घेऊन त्यात टाका, ढवळा आणि तासभर ठेवा. पूड तळाशी तशीच बसून राहिली तर तो मुख्यतः चुन्याचा थर, म्हणजे जड पाण्याची खूण. विरघळून दिसेनाशी झाली, तर ते विद्राव्य क्षार आहेत, सोडियमचे किंवा जास्तीच्या रासायनिक खताचे. तुम्ही खत कोणतं घालता हे पत्रात नाही. घालत असाल तर दोन महिने थांबवा, म्हणजे एक संशयित कमी होईल.

आता क्लोरिन. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरिन उरतो तो लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशाने. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा अशी अपेक्षा आहे. एवढ्याने कुंडीतलं झाड मरत नाही. उघड्या बादलीत ठेवलं की तो उडून जातो हे खरं, पण क्षार उडत नाहीत. उलट दोन दिवस उघडं ठेवलं की थोडं पाणी उडतं आणि क्षार किंचित दाटच होतात. टँकरचं गढूळ पाणी असेल तर गाळ बसायला रात्रभर ठेवावं. उन्हाळ्यात पाइपमधलं पहिलं पाणी दुपारी अक्षरशः चटका देणारं असतं, ते निवायला ठेवावं. बाकी दोन-दोन दिवसांच्या बादल्यांतून तुम्हाला मिळालं काय, तर नोटीस.

आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचं आणखी वाईट वाटतं, कारण ते फेकू नये ही तुमची भावना मला पूर्ण पटते. पण आरओ एक भाग पाणी पिण्यासाठी काढतो आणि साधारण तीन भाग सोडून देतो. पिण्याच्या भागातले जवळजवळ सगळे क्षार त्या तीन भागांत जातात. आत ६०० चं पाणी गेलं, तर बाहेर पडणारं ८०० च्या घरात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची सिंचनाच्या पाण्यासाठी एक ढोबळ पट्टी आहे. टीडीएस ४५० पर्यंत चिंता नाही, २००० च्या वर गेला की बहुतेक पिकांना अवघड, आणि मधल्या टप्प्यात जपून. म्हणजे ८०० काही विष नव्हे. पण तुमच्या आरओला सॉफ्टनरचंच पाणी जात असेल, तर ते ८०० बहुतांशी सोडियमचे आहेत. ते फरशी पुसायला, गॅलरी धुवायला, संडासात ओतायला वापरा. ज्या वाचकांच्या आरओला थेट धरणाचं पाणी जातं, त्यांनी मात्र ते बिनधास्त झाडांना घालावं. पुण्याला महापालिकेतर्फे येणारं खडकवासला धरणसाखळीतलं पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं, मुळातच कमी क्षारांचं. तशा पाण्याला खरं तर आरओच लागत नाही, पण तो वाद इथे नको.

म्हणून 'सर्वांत चांगलं पाणी कोणतं' या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न सोडवू : तुमच्या घरात कोणत्या नळाला कोणतं पाणी येतं? पुण्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांत महापालिकेच्या पाण्याची टाकी वेगळी असते आणि ती फक्त स्वयंपाकघरातल्या एका नळाला जोडलेली असते. बाथरूमला बोअर आणि टँकरचं पाणी येतं, तेही सॉफ्टनरमधून. तुमच्याकडे तशी सोय आहे का, हे प्लंबरला विचारा, कमिटीतल्या पदाधिकाऱ्यांना नको. त्यांना बहुधा माहीत नसतं. स्वयंपाकघरातला नळ धरणाचा निघाला, तर अर्धा प्रश्न तिथेच मिटला. नाही निघाला, तर खालच्या बागेचे माळीबुवा कुठून पाणी घेतात ते बघा. बागेचा नळ अनेकदा सॉफ्टनरच्या आधीच्या, कच्च्या पाण्यावर असतो. सॉफ्टनरला बायपासचा व्हॉल्व्हही असतो. बाग करणारी चार घरं मिळून कमिटीला लेखी द्या, की गच्चीवर कच्च्या पाण्याचा एक नळ काढून हवा. खर्च थोड्या पाइपाचा आणि एका नळाचा. डासांच्या नोटिशीला उत्तर देताना हीच मागणी जोडली, तर ती तक्रार न वाटता तोडगा वाटेल.

कच्चं बोअरचं पाणी जड असेल, नळावर डाग पाडेल, कुंडीवर चुनाही बसवेल. तरीही झाडांसाठी मी सॉफ्टनरच्या पाण्यापेक्षा तेच निवडेन. कॅल्शियमने माती भुसभुशीत राहते. चुनखडीच्या पाण्याचा त्रास वेगळा असतो. वर्षभरात माती अल्कधर्मी होत जाते, लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या असं चित्र दिसतं. कढीपत्ता, जास्वंद, मोगरा, एक्झोरा यांना हा त्रास लवकर होतो, अनंताला सगळ्यात आधी. त्याला आम्लधर्मी माती हवी, त्यामुळे तुमचा अनंत सॉफ्टनर नसता तरी कुरकुरत जगला असता.

इथे पानं वाचायची एक सवय लावून घ्या. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांत आणि शिरा हिरव्या, तर लोह. खालची जुनी पानं आधी पिवळी, तर नत्र कमी किंवा पाणी जास्त. पानाची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत, तर क्षार. तुमचा कढीपत्ता पहिल्या प्रकारातला आणि जास्वंद तिसऱ्या. दोन झाडं दोन वेगळ्या गोष्टी सांगताहेत, आणि त्या दोन्ही एकाच बादलीतून आल्या असणं अगदी शक्य आहे. कारण पाणी अल्कधर्मी करणारा बायकार्बोनेट सॉफ्टनर काढत नाही. अल्कधर्म तसाच राहतो, वर सोडियम येतं.

गावच्या विहिरीशी तुम्ही सारखी तुलना करता, त्याबद्दलही बोलायला हवं. ते पाणी फार वेगळं होतं असं तुमच्या मनात आहे. पण सातारा असो की पुणे, खाली खडक काळ्या बसाल्टचाच, आणि अशा खडकातलं विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी जडच असतं. मीटर तेव्हा असता तर तिथेही बऱ्यापैकी मोठा आकडा दिसला असता. फरक जमिनीचा होता. परसात क्षार हातभर, दोन हात खाली उतरायचे आणि दर पावसाळ्यात आणखी खोल धुतले जायचे. बारा इंची कुंडीत जेमतेम बादलीभर माती, खाली ताटली आणि वर गॅलरीचं छप्पर. तुमच्या कुंड्यांनी कित्येक पावसाळ्यांत पाऊसच अंगावर घेतलेला नाही.

त्यामुळे सगळ्यात आधी कुंड्या धुऊन काढायच्या. सॉफ्टनरचं निदान पक्कं झालं, तर बारा इंची कुंडीला मोठा चमचाभर जिप्सम मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत मिसळा. कृषी सेवा केंद्रात जिप्सम स्वस्त मिळतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून उठवून लावतं. मग कच्चं किंवा धरणाचं पाणी हळूहळू, थांबून-थांबून ओतत राहा, कुंडीत जेवढी माती त्याच्या दुप्पट पाणी खालून निघून जाईपर्यंत. आठवड्याने पुन्हा एकदा. हे गॅलरीत करू नका. खालच्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत असणार, आणि सहाव्या मजल्यावरून दुसरी नोटीस येईल. बाथरूममध्ये न्या, रोज दोन-तीन कुंड्या. जड कुंड्या यजमानांकडून उचलून घ्या. नाद सोड म्हणाले आहेत, तेवढं तरी करतील. पावसाळा जवळ असेल तर आणखी सोपं. जुलैमध्ये गच्चीवर परवानगी काढून आळीपाळीने कुंड्या नेऊन दोन-चार चांगल्या सरी खाऊ द्या.

पुढेही प्रत्येक वेळी खालून थोडं पाणी निघेल इतकं घाला, घातलेल्याच्या दहावा ते पाचवा हिस्सा. ताटलीत जमलेलं ते पाणी ओतून टाका, कुंडीला परत पिऊ देऊ नका. थोडं-थोडं पाणी रोज शिंपडणारे पाणी वाचवतात आणि क्षार साठवतात.

पिवळ्या कढीपत्त्याला तात्पुरता आधार म्हणून लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. फरशीवर उडालं तर गंजाचे डाग पडतात, खाली कागद पसरा. मातीत घालायचं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, विकत घेणार असाल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. स्वस्तातलं ईडीटीए अल्कधर्मी मातीत टिकत नाही, पैसे पाण्यात जातात.

आता साठवणीकडे येऊ. इथे मी तुमच्या यजमानांच्या आणि सेक्रेटरींच्या थोडी बाजूने बोलणार आहे, रागावू नका.

पावसाचं पाणी कुंड्यांसाठी उत्तम, त्यात शंका नाही. क्षार जवळजवळ शून्य, किंचित आम्लधर्मी. पण चाळीस कुंड्यांना उन्हाळ्यात रोज निदान ४० लिटर लागतं. मार्च ते मे म्हणजे साधारण ९० दिवस, म्हणजे ३६०० लिटर. हजार लिटरची टाकी २५ दिवसांत रिकामी होईल आणि मधल्या हिवाळ्यातही तुम्हाला तिला हात न लावता राहावं लागेल. शिवाय हजार लिटर म्हणजे टनभर वजन. घरातल्या जमिनीचा हिशेब बांधकामात साधारण चौरस मीटरला २०० किलोचा धरतात, गॅलरीचा ३०० चा. दोनशे लिटरचा एक भरलेला ड्रम दोनशे किलोंहून जास्त वजन पाव चौरस मीटरच्या आसपास जागेत उभं करतो. असे पाच-सहा ड्रम गॅलरीच्या कठड्याकडेला, खाली सात मजले, ही कल्पना मनातून काढून टाका. गच्चीवर ठेवायचे तरी भिंतीच्या किंवा तुळईच्या वर आणि इमारतीच्या इंजिनिअरला विचारूनच.

मग काय करायचं? सगळ्या बागेचा हट्ट सोडून ज्यांना गरज आहे त्यांच्यापुरतं साठवा. तुमच्याकडे खरी नाजूक झाडं किती? कढीपत्ता, मोगरा, जास्वंद आणि पुन्हा लावलात तर अनंत. पाच कुंड्या धरू. रोज लिटरप्रमाणे २०० लिटरचा एकच ड्रम ४० दिवस पुरतो. कच्च्या पाण्यात निम्मं मिसळून दिलंत, तर ८० दिवस. बोगनवेल, अडेनियम, कोरफड, कण्हेर, ऑफिसटाइम यांना या लाडांची गरजच नाही, ती जड पाण्यावर मजेत राहतात. नवीन झाड आणताना हे लक्षात ठेवलंत, तर निम्मी साठवण आपोआप कमी होते. भाजी लावत असाल तर घेवडा क्षारांना फार हळवा, त्याला नाजूक झाडांच्या रांगेत बसवा.

ड्रम भरायला किती पाऊस लागतो तेही बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गच्चीच्या २० चौरस मीटर तुकड्याचं पाणी एका पाइपला येत असेल, तर दहा मिलिमीटरच्या एका सरीत ड्रम भरला. म्हणून जूनपासून घाई करू नका. पहिल्या सरींत वर्षभराची धूळ आणि कबुतरांची मेहरबानी वाहून येते, ती जाऊ द्या. नंतरच्याही प्रत्येक मोठ्या खंडानंतर पहिलं थोडं पाणी सोडून मग पाइप ड्रममध्ये वळवा. गच्चीला नुकतंच वॉटरप्रूफिंग केलं असेल, तर तो पावसाळा सोडूनच द्या. शेवटचा ड्रम सप्टेंबरअखेर, परतीच्या सरींत भरून ठेवा, म्हणजे साठवणीचे महिने कमी होतील.

ड्रम घेताना भंगारवाल्याला आत आधी काय होतं ते विचारा, आणि झाकण उघडून वास घ्या. निळे ड्रम दिसायला सगळे सारखे. कुणात सरबताचा पाक आलेला असतो, कुणात कारखान्यातलं आम्ल. खाण्याच्या वस्तूंचा आहे अशी खात्री नसेल तर दोन पैसे जास्त देऊन नवा घ्या. गडद रंगाचा, प्रकाश आत न जाणारा असावा, नाहीतर महिन्याभरात शेवाळ धरतं. विटांच्या चौथऱ्यावर, सावलीत. तोटी तळापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ खाली राहतो. आत येणाऱ्या आणि जास्तीचं बाहेर सोडणाऱ्या दोन्ही तोंडांना नायलॉनची बारीक जाळी, आणि झाकण घट्ट.

जाळीचं एवढं का सांगते, तर डेंग्यूचा एडिस डास घाण गटारापेक्षा अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायला सांगतात. अंडी मात्र पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्याने घासून काढावं लागतं. तुमच्या सेक्रेटरींनी नोटीस दिली ती ड्रमला घाबरून असेल, पण खरा धोका आत्ता तुमच्या उघड्या बादल्या, टब आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत आहे. जाळीचा एक बंद ड्रम त्यांना दाखवायला न्या, बादल्या मोडीत काढा. वाद बहुधा तिथेच संपेल. गप्पी मासे उघड्या हौदात उत्तम, बंद अंधाऱ्या ड्रममध्ये बिचारे उपाशी मरतील.

एसीचं पाणी जरूर वापरा. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, क्षार नसलेलं, म्हणजे पाऊस नसतानाचा तुमचा पाऊसच. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मुंबईइतकं पडत नाही, पण त्या पाच कुंड्यांना हातभार लागतो. सर्व्हिसिंगला रसायन मारलं असेल तर पुढचे दोन दिवस सोडून द्या. तांदळाचं, डाळीचं, भाजीचं धुवण त्याच दिवशी घालून टाका. साठवलं की आंबतं, वास येतो, चिलटं येतात. मीठ घालून उकळलेलं पाणी, कपड्यांचं साबणाचं आणि फिनेलचं पाणी कुंडीत कधीच नको. माशांच्या टाकीतलं काढलेलं पाणी कुणी देत असेल तर आनंदाने घ्या, त्यात नत्र असतं. फक्त समुद्री माशांची टाकी नसल्याची खात्री करा.

चुंबकाच्या उपकरणाने पाण्यातलं सोडियम, कॅल्शियम काहीच कमी होत नाही. त्याचे पैसे राहू द्या.

राहता राहिली पक्की खात्री. माझं निदान पत्रावरून केलेलं आहे, त्यामुळे एकदा पाणी तपासून घ्याच. कृषी महाविद्यालयाच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत चौकशी करा, सिंचनाच्या पाण्याची तपासणी थोड्या शुल्कात होते. दोन नमुने द्या, एक घरातल्या नळाचा आणि एक सॉफ्टनरच्या आधीच्या कच्च्या पाण्याचा. नळ चार-पाच मिनिटं वाहू द्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरून त्याच दिवशी पोहोचवा. 'पिण्यायोग्य आहे का' असं विचारू नका. विद्युत वाहकता, सामू (पीएच), सोडियम, कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट हवेत म्हणून सांगा. अहवालात उर्वरित सोडियम कार्बोनेट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने कार्बोनेट-बायकार्बोनेट किती जास्त आहे, हा आकडा बघा. १.२५ च्या आत असेल तर निर्धास्त, अडीचच्या वर गेला तर ते पाणी कुंडीला नको. सॉफ्टनरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उरलेलंच नसतं, त्यामुळे त्या नमुन्याचा आकडा चढलेला दिसेल असा माझा अंदाज आहे. कोकण किनाऱ्यावरच्या ज्या वाचकांच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, त्यांनी नमुना मेमध्येच द्यावा. ऑगस्टमधला अहवाल त्यांना काहीच सांगणार नाही.

दोन्ही अहवाल हातात आले की त्यांची एक प्रत कमिटीला द्या आणि कच्च्या पाण्याच्या नळाचा अर्ज तिलाच जोडा.